तसबिरीतला गोऱ्हा

चिरंजीव जानराव यास थोरला भाऊ खुशालराव याचे आशीर्वाद. मिती श्रावण शुद्ध दशमी, शके सतराशे सत्त्याऐंशी. मुक्काम आपलं गाव, चांदूर बाजाराच्या अलीकडचं, अजून ओळखीचं वाटत असेल तर.

इकडे सर्व मंडळी सुखरूप आहेत असं लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो. तुझी प्रकृती कशी आहे, जेवण वेळेवर होतं का, अकोल्याची हवा मानवते का, हे विचारण्याचीही रीत आहे, तेही विचारलं असं समज. (मोर्णा नदीचं पाणी या दिवसांत गढूळ असतं, तुरटी फिरवून पीत जा.) माझं म्हणशील तर सकाळी गुडघा दुखतो, दुपारी कंबर दुखते आणि संध्याकाळी दोन्ही मिळून दुखतात. तुझी वहिनी सत्यभामा म्हणते, ज्यानं तुमचं नाव खुशाल ठेवलं त्याले मले एकडाव भेटाचं हाय. नाव बाबांनीच ठेवलं आणि ते रोज ओसरीवरच भेटतात, पण त्यांना ती काही विचारत नाही, मलाच ऐकवते.

बाबांची नजर आता गेल्यातच जमा आहे. ज्येष्ठापर्यंत नाकाजवळ धरलेलं दिसायचं, आता नुसता उजेड कळतो, माणूस कळत नाही. पावलं वाजली की विचारतात, "कोन? जान्या का?" मी शेतातून आलो की विचारतात, विहिरीवरून आलो की विचारतात, परवा तर त्यांच्याच शेजारून उठून तंबाखू आणायला आत गेलो आणि बाहेर आलो, तरी विचारलं. मी म्हणतो, नाही बाबा, मी. ते म्हणतात, "हां. तू होय." त्यात राग नाही, काही नाही. दाराशी मांजर आलं असतं तरी याच आवाजात म्हणाले असते. मलाही आता त्याचं वाईट वाटत नाही असं मी लिहिणार होतो, पण वाटतं, तर ते तसंच लिहितो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट. आपल्या ओसरीवर एक तसबीर आली आहे आणि ती आल्यापासून या घरात मला सुख म्हणून नाही.

अमरावतीचे ते कापूसवाले साहेब तुला आठवत असतील, ज्यांच्या वखारीत पहिल्या वर्षी तू आपल्या गाड्या रित्या केल्यास आणि परत येताना बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवून आणल्यास. सातासमुद्रापलीकडची ती लढाई चालू होती तोवर साहेबांचं बरं चाललं होतं आणि आपलंही. लढाई संपली, कापसाचा भाव बसला, आणि साहेबांनी गाशा गुंडाळला. जाताना बंगल्यातल्या सामानाचा लिलाव पुकारला. मला त्यांचा वखारीतला लोखंडी तराजू हवा होता, म्हणून मी निघालो, तर बाबाही गाडीत येऊन बसले. तुम्हाला दिसत नाही, तिथे येऊन काय करणार, असं मी म्हटलं. म्हणाले, मले आयकू येते.

त्या आयकू येण्यानेच घात केला. लिलावाला अमरावती लोटली होती. एकाने साहेबांचं न्हाण्याचं मोठं घंगाळ घेतलं (जनावरांना पाणी पाजायला), एकाने मेमसाहेबांची टोपी घेतली (कशाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं). मी तराजूपाशी उभा होतो. तेवढ्यात बाबांना साहेबांचे कारकून वामनराव भेटले. भले गृहस्थ, आपल्या घरी एक-दोनदा जेवून गेलेले. भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका मोठ्या काचेच्या तसबिरीसमोर त्यांनी बाबांना उभं केलं आणि समजावून सांगितलं, की ही साहेब लोकांच्या धर्मपोथीतली गोष्ट आहे. एका बापाचे दोन मुलगे. धाकटा आपली वाटणी घेऊन दूर देशी गेला, तिथे सगळं उधळून बसला, आणि फाटक्या कपड्यांनी घरी परत आला. हा बघा बाप, हा बघा मुलगा, बाप धावत जाऊन त्याला पोटाशी धरतो आहे. एवढं सांगून होतंय तोच वामनरावांना कुणीतरी हाक मारली आणि ते गेले. गोष्ट अर्धी राहिली. ती पुरी झाली असती तर हे पत्र एका पानात संपलं असतं.

तसबीर पुकारली गेली तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी बोली केली. दुसऱ्या कुणाला ती नकोच होती. पण लिलाव पुकारणारा तीच बोली तीनदा ओरडून सांगतो, ही त्यांची रीत बाबांना कुठून ठाऊक. त्यांना वाटलं, समोरून कुणीतरी तेवढीच बोली करतं आहे. ते वाढवत गेले. पुकारणाऱ्याने वाढलेली बोली पुन्हा ओरडली, बाबांनी पुन्हा वाढवली. माणसं मागे वळून बघायला लागली, कुणी हसेना, सगळ्यांना वाटलं तसबिरीत काहीतरी मोठं गुपित असावं. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचलो तोवर माझा तराजू त्या तसबिरीत गेला होता. बाबा घामाघूम होऊन मला म्हणाले, "कोन होता रे थो? लई जिद्दी मानूस होता."

तसबीर तू पाहिलेली नाहीस, तेव्हा सांगतो. लग्नातल्या पाटाच्या चौपट मोठी, सोनेरी चौकट, वर काच. हाताने रंगवलेली नाही, शिळाप्रेसवर छापलेली. आपल्या पोथ्या छापतात तीच कृती, पण पोथी काळ्या शाईची आणि ही रंगीत. वामनराव म्हणाले, एकेका रंगाला एकेक वेगळा दगड लागतो, तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांखालून काढतात. मधोमध बाप, अंगात लाल झगा, पांढरी दाढी. त्याच्या छातीशी डोकं टेकून गुडघ्यावर बसलेला पोरगा, पाठीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात असा. मागे मोठं दार, दारात गडीमाणसं. डाव्या अंगाला एक गडी कासरा धरून उभा, आणि कासऱ्याच्या टोकाला पांढराशुभ्र, गुबगुबीत गोऱ्हा, गळ्यात फुलांची माळ. आणि उजव्या कोपऱ्यात, खांबाला टेकून, एक माणूस हाताची घडी घालून उभा आहे. छापताना पिवळ्या रंगाचा दगड जरासा सरकला असावा, कारण बाकी सगळे गोरेपान आणि हा एकटा कावीळ झाल्यासारखा पिवळा. याच्याविषयी पुढे लिहीन, लिहिल्यावाचून सुटका नाही.

घरी येताना आभाळ फुटलं. तसबीर गाडीत आडवी ठेवावी तर काच फुटेल, उभी ठेवावी तर वाऱ्याने पडेल, म्हणून मी ती पाठीशी बांधून गाडीमागून चालत आलो. घोंगडी एकच होती, ती तसबिरीला पांघरली. वलगावात लोकांना वाटलं लग्नाचा आरसा आहे. पुढे एका वस्तीवर वाटलं कुणीतरी दगावलं, म्हातारे उठून उभे राहिले. प्रत्येक ठिकाणी बाबा गाडी थांबवत, घोंगडी काढवत आणि गोष्ट सांगत, आणि मी पाठमोरा भिजत उभा. माझ्या पाठीवर काय चित्र आहे ते सगळ्या रस्त्याने पाहिलं, माझं तोंड कुणी पाहिलं नाही. गोष्टही वाटेत वाढत गेली. अमरावतीत त्या पोराला नाव नव्हतं, गावात पोचेपर्यंत त्याचं नाव जानराव झालं होतं.

तसबीर देवघराच्या खोलीत लावा म्हटलं तर बाबा ऐकेनात. ती ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून लावली आहे, म्हणजे तू आलास की तुला लांबूनच दिसावी. आठ दिवस गाव लोटलं होतं. बायका त्या पोराकडे बघून हळहळल्या, म्हणाल्या काय सुकलं लेकरू. सत्यभामा पदर खोचून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आन् एवढ्या लोकायचा सैपाक कोन करून राहिलं? सारे बाहीर येऊन उभे. चुलीपाशी कोन हाय थे काढनाऱ्यानं काढलंच नाही." मग तिने कोपऱ्यातल्या माणसाकडे बोट दाखवलं. "हे तुमीच व्हय." मी म्हटलं, माझा पागोटं बांधायचा ढंग निराळा आहे. ती म्हणाली, पागोट्याचं कोन सांगून राहिलं, तोंडाचं सांगते. तेव्हापासून गावात कुणी ओसरीवर आलं की आधी कोपऱ्यात बघतं, मग माझ्याकडे बघतं, आणि मग पाणी मागतं.

आता गोऱ्ह्याचं ऐक. बाबांनी मला तसबिरीतली एकेक वस्तू विचारून घेतली. डाव्या अंगाला काय हाय? म्हटलं गोऱ्हा. गळ्यात? म्हटलं माळ. बाबांनी मांडीवर हात मारला. म्हणाले, "मंग पोळाच हाय थो. पोट्टा पोळ्याच्या दिशी घरी आला." मी असेल म्हटलं, कारण आपल्याकडे जनावराच्या गळ्यात माळ पोळ्यालाच घालतात, आणि साहेब लोकांच्या देशात कधी घालतात ते मला ठाऊक नाही. झालं, ठरलं. जान्या पोळ्याला येणार, आणि त्याच्यासाठी दारात सजवलेला गोऱ्हा उभा पाहिजे. कपिला गाईचा पांढरा गोऱ्हा, जो तू गाडी-बैल घेऊन अकोल्याला दलाली करायला गेलास त्या वर्षी झाला आणि ज्याला मी माझ्या हाताने वाढवला, तो त्याच दिवशी तुझा झाला. त्याला जुवाला लावायचं नाही. त्याला रोज सरकी आणि पेंडीची ढेप. सणावाराला गूळ. त्याच्या गळ्यात पितळेची घंटा, म्हणजे बाबांना ओसरीवर बसून त्याचं हलणं-बसणं ऐकू यावं.

हे सगळं मी हसत सोसलं असतं, पण आपला पवळ्या वैशाखात गेला. (लिहिलं नव्हतं, कारण तुझं काही येत नव्हतं.) एकट्या ढवळ्यावर खरिपाची मशागत होत नाही. नवा बैल घ्यावा तर कापसाच्या वाहतुकीने बैल महाग झाले ते अजून तसेच आहेत, फक्त कापूस स्वस्त झाला आहे. म्हणजे शेतात एक बैल, आणि गोठ्यात एक जवान गोऱ्हा गूळ खात बसलेला. त्याच्यापुढे ढेपेचं टोपलं ठेवताना तो माझ्याकडे असा बघायचा, जसा तो मालक आणि मी गडी. शेवटी मी केशवरावांशी सावड केली, त्यांचा बैल मागून आणला आणि कशीबशी पिकातली डवरणी उरकली. बाबांना तसं सांगितलं आहे. गोऱ्हा अलीकडे फार शांत झाला आहे असं बाबा म्हणतात, दिवसभर घंटा अगदी संथ वाजते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते, तेव्हा त्याचे खांदे आपण स्वतः हळद-तुपाने चोळणार असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. म्हणतात, "कोरे खांदे हायेत त्याचे. जू लागलं नाही. जान्यासाठी ठेवले."

संध्याकाळी मला आणखी एक काम असतं. दिवे लागले की बाबा विचारतात, आज काय दिसते? पहिल्या दिवशी मी सांगितलं, कालचंच. ते नाराज झाले, म्हणाले नीट पाय. दुसऱ्या दिवशीही कालचंच दिसलं, तेव्हा ते जेवले नाहीत. मग मी थोडंथोडं घालायला लागलो. आज पोराने डोळे पुसले. आज आतून कुणीतरी न्हाणीचं पाणी तापल्याचं सांगायला आलं. आज बाप म्हणतो आहे, आधी जेव, मग बोल. बाबा ऐकतात, मान हलवतात आणि दोन भाकरी खातात. दिवसभर डवरा धरून आल्यावर हे रचणं किती जड जातं ते तुला सांगून कळायचं नाही. तुझ्या येण्याचं कौतुक या घरात रोज संध्याकाळी होतं आणि ते मी करतो.

हे चाललं असतं, पण गेल्या पंधरवड्यात वामनराव आले. साहेब गेल्यावर त्यांची नोकरी गेली, मोर्शीला पाहुण्याकडे निघाले होते, वाटेत जेवायला उतरले. ओसरीवर तसबीर पाहून त्यांना आनंद झाला, आणि जेवून, सुपारी कातरत, त्यांनी राहिलेली गोष्ट सांगायला घेतली. मला अजून वाटतं, सुपारी आधी दिली नसती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, मग बापाने गड्यांना हुकूम केला, तो पोसलेला गोऱ्हा आणा आणि कापा, आज मेजवानी.

ओसरीवर बसलेल्या चौघांनी तोंडातलं पान गिळलं. आत सत्यभामेच्या हातून तांब्या पडला. बाबा मात्र शांत होते. म्हणाले, "वामनराव, तुमची पोथी चुकली असन. गळ्यात माळ घालून कोनी कापते का?" वामनराव भिडस्त आहेत, पण खरं बोलण्याची त्यांना खोड आहे. म्हणाले, पाटील, पोथीत माळ नाहीच, माळ चित्र काढणाऱ्याने घातली. "मंग चित्र काढनाऱ्याले जास्त समजते," बाबा म्हणाले, आणि त्यांच्यापुरता तो प्रश्न मिटला. गावात तो मिटलेला नाही. चार दिवस आपल्या ओसरीवर कुणी पाणी प्यायलं नाही, आणि दोघे जण रोज येऊन गोऱ्हा जागेवर आहे की नाही ते बघून जात. त्या बघून जाण्याने माझा जीव किती टांगणीला लागला ते सांगायची सोय नाही.

वामनरावांना वाटलं, आपण उगीच घोळ केला, म्हणून विषय बदलावा. तर त्यांनी कोपऱ्यातला माणूस काढला. हा थोरला, म्हणाले. तो शेतातच होता. परत येताना घरात वाजंत्री ऐकली, गड्याला विचारलं काय चाललंय, आणि कळल्यावर दाराबाहेरच उभा राहिला, आत जाईना. म्हणाला, मी इतकी वर्षं राबतो, मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीत. मग बाप मेजवानी टाकून उठला आणि त्याची समजूत घालायला बाहेर आला. मी विचारलं, मग तो आत गेला का? वामनराव म्हणाले, पोथी तिथेच थांबते, पुढचं लिहिलेलं नाही. म्हणजे पुरी सांगितली तरी ती गोष्ट अर्धीच. आतून सत्यभामा म्हणाली, "गेला असन. भुकेला मानूस कितीक उभा राहीन."

त्या दिवशी मला शेतातून यायला उशीर झाला. बैल बांधले आणि गोठ्यातच बसून राहिलो. मी रुसलो नव्हतो. माझ्या वयाला रुसणं शोभत नाही, आणि रुसायला फुरसत लागते. पण घरात जावं आणि आज त्या पोराने काय केलं ते रचून सांगावं, एवढा जोर त्या दिवशी अंगात नव्हता. तेवढ्यात भिंत चाचपडत कुणी येत असल्याचा आवाज आला. बाबा. पाऊस भुरभुरत होता, अंगणात चिखल, आणि लिलावाहून आल्यापासून ते ओसरी सोडून कुठे गेलेले नाहीत. दावणीच्या खुंट्याला ठेचकाळले, सावरले, आणि म्हणाले, "खुशाल? खुशाल हायस का इथं?"

जानराव, इतक्या दिवसांत आधी तुझं नाव न घेता त्यांनी माझं नाव घेतल्याचं हे पहिलंच. म्हटलं, आहे बाबा. ते उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, ओठ हलत होते. शेवटी म्हणाले, "गोऱ्ह्याले ढेप टाकली का?" म्हटलं टाकली. बरं, म्हणाले, आणि गोऱ्ह्याला थोपटायला हात पुढे केला. मी उठलो, त्यांचा हात धरून माझ्या खांद्यावर ठेवला आणि त्यांना घराकडे घेऊन निघालो. अंगणाच्या मधोमध ते थांबले. माझा खांदा दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला. "घट्टा पडला रे तुह्या खांद्याले." म्हटलं, कावडीचा आहे. "तेल लावत जाय," म्हणाले. ओसरीवर बसल्यावर त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, थो कोपऱ्यातला अजून तिथंच हाय का? मी म्हटलं, तिथंच आहे, चित्र आहे बाबा ते. "हो. चित्रच हाय," म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पोराचं काही विचारलं नाही.

तुझं सगळं मला ठाऊक आहे. रामराव गाडीवान अकोल्याला सरकी घेऊन आला होता तेव्हा त्याने तुला जुन्या शहरात पाहिलं, कुणा दलालाच्या वाड्यामागे दुसऱ्याच्या म्हशींना आंबोण घालताना. तू त्याला बजावलंस, दादाले सांगजो नको. रामरावाच्या पोटात काही राहत नाही, त्याने ते मला पोचवलं, पण माझ्या पोटात राहतं, बाबांना मी सांगितलेलं नाही. दलाली बुडाली ती एकट्या तुझीच नाही, अमरावतीपासून अकोल्यापर्यंत अर्धा वऱ्हाड बुडाला आहे. गाडी कुठे गेली, बैल कुठे गेले, हे मी विचारणार नाही. चांदीच्या शेंब्यांचं गावात विचारतील, तेव्हा उन्हात वितळल्या असं सांग. तसबीर आल्यापासून इथे कुठलीही गोष्ट चालते.

मी तुला ये म्हणत नाही. यावंसं वाटलं तर ये, न वाटलं तर राहा. मी थकलो आहे आणि आग्रह करायला अंगात जोर लागतो. हे पत्र रामरावाच्या हाती देतो आहे, तो येत्या बाजाराला तिकडे येईल. परतताना त्याची गाडी रिकामी असते, हे आपलं सहज लिहिलं.

तुझा थोरला भाऊ,
खुशालराव

ता. क. वर मी तुला ये म्हणत नाही असं लिहिलं आहे. ते लिहून होतंय तोच बाबांनी विचारलं, काय लिहून राहिला? म्हटलं, जानरावाला पत्र. त्याचं आलं होतं का? कसं कोण जाणे, माझ्या तोंडून हो गेलं. काय म्हणते? पोळ्याला येतो म्हणतो. तुझं असं पत्र आलेलं नाही हे तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. बाबांनी मात्र तेवढ्यात न्हाव्याला निरोप धाडला, दाढी करून बसले आहेत, आणि पोळा अजून लांब आहे हे ऐकायला तयार नाहीत. तेव्हा आता तुला यावं लागेल.

पुन्हा ता. क. तुझी वहिनी म्हणते, येताना अकोल्याच्या बाजारातून जाड बुडाची कढई आण, कारण त्या दिवशी एवढ्या लोकांचा स्वयंपाक कोण करणार ते तिला आधीपासून ठाऊक आहे. रिकाम्या हाताने आलास तरी चालेल असंही म्हणाली, पण ते जरा हळू म्हणाली.

शेवटचं, आणि वाचून झालं की हा कागद चुलीत घाल. केशवरावांशी मी कसलीही सावड केलेली नाही. त्यांचे बैल त्यांनाच पुरत नाहीत. डवरणी मी तुझ्या गोऱ्ह्यावर केली. बाबांचा डोळा लागला की घंटा सोडून म्हशीच्या रेडकाच्या गळ्यात बांधायची आणि गोऱ्हा मागच्या वाटेने काढायचा. घंटा संथ वाजते ती रेडकू सुस्त आहे म्हणून. गोऱ्हा पहिले चार दिवस अंगावर आला, पण आता असा चालतो की ढवळ्या मागे पडतो. गुणाचं जनावर आहे, तू बघशीलच. पण त्याच्या खांद्याला घट्टा पडला आहे. त्या संध्याकाळी गोठ्यात मी बाबांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला तो मायेने ठेवला असं तुला वाटलं असेल, तर तो घट्टा त्यांच्या हाताला लागू नये म्हणून ठेवला होता. पुढचं झालं ते आपोआप झालं. आता खांदशेकणीला बाबा हळद-तूप घेऊन बसणार आणि त्यांचे हात डोळ्यांपेक्षा तेज आहेत. तेव्हा पोळ्याला येऊ नकोस. पोळ्याच्या आदल्या दिवशी ये, खांदशेकणीच्या वेळेला ये. त्यांचे दोन्ही हात तुझ्या पाठीवर राहतील, तेवढ्यात गोऱ्ह्याचे खांदे मी चोळून घेईन. मी कोपऱ्यात उभा राहीन की काय याची काळजी करू नकोस. त्या वेळी माझ्या हातात कासरा असेल, हाताची घडी घालता यायची नाही.